चार किलोची गोधडी उसवली तेव्हा

साताऱ्यातल्या एका घरातलं हे प्रकरण. सासूबाई गेल्यावर त्यांच्या जुन्या साड्यांची एक गोधडी पेठेतल्या शिंप्याकडून शिवून घेतली होती. दिसायला देखणी. वर जांभळी इरकल, कडेने लाल पट्टी, मशीनवर मारलेली नेटकी चौकड्यांची शिवण. एक हिवाळा ती पलंगाच्या पायथ्याशी घडी होऊन पडली आणि पावसाळ्याआधी माळ्यावर गेली. मधल्या काळात पाहुण्यांना दिली, तर त्यांनीही मध्यरात्री बाजूला सारून चादर ओढून घेतली.

पुढच्या उन्हाळ्यात त्याच घरात, त्याच कपाटातल्या साड्यांच्या दोन गोधड्या हाताने शिवल्या. त्या आजही रोज अंथरुणात असतात. साड्या त्याच बाईच्या, घर तेच, पांघरणारी माणसंही तीच. मग पहिली का फसली आणि दुसऱ्या दोन का टिकल्या, एवढंच इथे नोंदवते आहे.

मी शिवणाचे वर्ग घेते आणि या घरातल्या वहिनी माझ्या शेजारी. 'टाकाऊतून टिकाऊ' या नावाखाली वर्गात जे काही आणलं जातं, त्यातलं बरंचसं मला मनापासून आवडत नाही हे आधीच सांगते. बाटलीला लोकर गुंडाळायची, जुन्या बांगड्यांचं तोरण करायचं, सीडीला टिकल्या लावून भिंतीवर टांगायची. कपाटातला पसारा शोकेसमध्ये जातो, एवढंच होतं. वर्षभरात त्यावर धूळ बसते आणि तो टाकायला आधीपेक्षा जास्त जीव जड होतो. जुन्या वस्तूला नवं आयुष्य मिळालं असं मी दोनच अटींवर मानते: ती रोज हाताळली गेली पाहिजे आणि ती धुता आली पाहिजे. गोधडी या दोन्ही अटी पुऱ्या करते, पण नीट शिवली तरच.

माल काय होता

सासूबाईंच्या चांगल्या साड्या, म्हणजे पैठणी, शालू, दोन नारायणपेठी, दोन्ही मुलींनी आणि सुनेने वाटून घेतल्या होत्या. मागे उरल्या त्या रोजच्या. नऊ नऊवारी, बावीस सहावारी, सासऱ्यांची चार धोतरं, विटलेल्या चादरी आणि एक टॉवेलांचं गाठोडं. पहिल्या गोधडीत याखेरीजचं थोडंसं कापड आधीच गेलं होतं, पण ते कसं गेलं त्यात सगळी गोम आहे.

त्या वेळी दोन्ही नणंदा घरी होत्या. धाकटी म्हणाली, आईची ही जॉर्जेटची तर हवीच, माझ्या गॅदरिंगला तिने नेसवली होती. थोरलीला सिनेमाला नेसायची ती नायलॉनची हवी होती. वहिनींनी सासूबाईंचा हातविणीचा स्वेटर घातला, कुणीतरी सासऱ्यांची टेरिकॉटची, म्हणजे सुती-पॉलिएस्टर मिश्र कापडाची, पँटही दिली. सगळ्यांच्या आठवणी एका गाठोड्यात बांधून शिंप्याकडे गेल्या आणि त्याने जे दिलं ते सगळं आत घातलं. त्याच्याकडे बोट दाखवण्यात अर्थ नाही. गिऱ्हाईक म्हणालं 'काही टाकू नका', त्याने टाकलं नाही. आठवण म्हणून कापड निवडायला हरकत काहीच नाही. पण पांघरूण म्हणून ते एकमेकांशेजारी नांदणार आहे का, हे कुणी पाहिलंच नाही.

उसवणी

माळ्यावरून काढल्यावर पहिल्यांदा वजन केलं. रद्दीवाला दारात होता, त्याच्याच ताणकाट्याला अडकवली. चार किलोला थोडी कमी. साडेपाच बाय साडेसात फुटांच्या एकेरी पांघरुणासाठी हे फारच झालं. गोधडी शिवणाऱ्या मावशी तेव्हा माप घ्यायला आल्या होत्या. कोरेगाव तालुक्यातल्या, साठीच्या आसपासच्या. त्यांच्या गावात तिला वाकळ म्हणतात. त्यांनी एक कोपरा उचलून पाहिला आणि विचारलं, "ताई, ह्येच्याखाली झोपायचं का दबायचं?"

मग आम्ही ती अंगणात पसरून ब्लेडने उसवली. एक कोपरा पूर्ण मोकळा केला तेव्हा काय दिसलं ते सांगते.

सगळ्यात खाली नवाकोरा मांजरपाट. शिंप्याने दुकानातून आणून तसाच लावलेला. कोऱ्या मांजरपाटाला खळ असते आणि पहिल्या दोन-तीन धुण्यांत तो चांगला आटतो. वरची इरकल मात्र वीस-पंचवीस वर्षं धुतली गेलेली, तिचं आटून झालेलं. गोधडी एकदाच धुतली, खालचं कापड आखडलं, वरचं तसंच राहिलं आणि प्रत्येक चौकडीत फुगवटे आले. पाठीला टोचतात अशी जी तक्रार होती ती या फुगवट्यांची.

मधे जॉर्जेट, नायलॉन, टेरिकॉट आणि तो स्वेटर. काही ठिकाणी नऊ थर, काही ठिकाणी चार. स्वेटर ज्या भागात होता तिथे एक गोळा होऊन बसला होता आणि त्याला कुबट वास येत होता. लोकर आणि सुती थर पाणी धरून बसतात. वर-खाली घट्ट शिवण आणि मधे दाटी असली की तो ओलावा उन्हात टाकूनही आतून जात नाही. वरून वाळलेली वाटते, घडी घातली की दोन दिवसांत वास येतो.

आणि शिवण. मला सगळ्यात शिकण्यासारखं इथे वाटलं. इरकलीचं कापड जुनं, मऊ, जागोजाग विरलेलं. त्यावर मशीनची बारीक, ताणलेली, पॉलिएस्टर दोऱ्याची टीप मारलेली. सुईने पाडलेली भोकं इतकी जवळजवळ होती की कापड बरोबर त्या रेषेवरून, पोस्टाच्या तिकिटासारखं, फाटत चाललं होतं. दोरा धड, कापड फाटलेलं. जुन्या कापडाच्या बाबतीत याच्या उलट असायला हवं. ताण आला तर आधी दोऱ्याने तुटावं, कापडाने नाही. तुटलेला दोरा दहा मिनिटांत पुन्हा घालता येतो. फाटलेल्या इरकलीला पुढे ठिगळाशिवाय उपाय नाही. हाताचा धावदोरा सैल असतो, सुती असतो, टाका मोठा असतो, म्हणून तो जुन्या कापडाला सांभाळून घेतो. पूर्वीच्या बायकांकडे मशीन नव्हतं म्हणून त्या हाताने शिवत, हे अर्धंच खरं आहे. मशीन घरात आल्यावरही गोधडी हातानेच शिवणाऱ्या अनेकजणी मी पाहिल्या आहेत.

निवड: दोरा जाळून, अंगठ्याने ताणून

उरलेल्या एकतीस साड्या आम्ही सतरंजीवर मांडल्या. रंग, काठ, आठवण, सगळं बाजूला ठेवून आधी एकच प्रश्न: हे कापड सुती आहे का?

दुकानात काय म्हणून घेतली होती याचा उपयोग होत नाही. 'कॉटन' म्हणून घेतलेल्या निम्म्या मिश्र निघतात. खात्रीचा उपाय म्हणजे काठाजवळून चार-पाच धागे ओढायचे, पीळ घालायचा, चिमट्यात धरून पाण्याच्या वाटीवर पेटवायचे. सुती धागा कागदासारखा जळतो, तसाच वास येतो आणि मागे राखाडी, मऊ राख राहते जी बोटात चुरली की नाहीशी होते. पॉलिएस्टर किंवा नायलॉन ज्योतीपासून आक्रसतं, वितळतं आणि थंड झाल्यावर टणक मणी बनतो. टेरिकॉटमध्ये राखही असते आणि तिच्यात कडक कणही लागतात. रेशीम असेल तर जळक्या केसांचा वास. हे काम मुलांच्या हाती देऊ नये आणि पदर मोकळा सोडून करू नये.

एक फसवा प्रकार म्हणजे रेयॉन, ज्याला आपल्याकडे आर्ट सिल्क म्हणतात. तो जळताना सुतीसारखाच वागतो. अनेक इरकलींचे पदर त्याचे असतात. अंग सुती, पदर चमकदार. रेयॉन ओला झाला की त्याची ताकद जवळपास निम्मी होते. म्हणून चमकणाऱ्या धाग्याचा एक तुकडा ओला करून ओढून पाहायचा. कोरडा तुटत नाही आणि ओला पटकन तुटतो, तर तो पदर गोधडीच्या बाहेर.

सुतीच का, याला भावनेपलीकडचं कारण आहे. झोपेत अंगातून सतत ओलावा बाहेर पडत असतो. मध्यम दमट हवेत शंभर ग्रॅम कोरडा कापूस साधारण साडेआठ ग्रॅम ओलावा सामावून घेतो. पॉलिएस्टर अर्धा ग्रॅमसुद्धा घेत नाही. त्यामुळे नायलॉन-पॉलिएस्टरचा थर मधे आला की आधी घाम येतो, मग पांघरूण ओढलं की गार वाटतं. मावशींनी हेच एका वाक्यात सांगितलं: "नायलन घातली तर फुगंल, पर ऊब न्हाई धरायची." ऊब देते ती थरांमध्ये अडकलेली हवा. पातळ सुती कापडाचे चार-पाच थर सैल टाक्यांनी धरले की ती हवा राहते. जास्त कापड कोंबलं की हवा जाते, वजन वाढतं.

दुसरी परीक्षा ताकदीची. कापड उजेडासमोर धरायचं. जिथे विरलंय तिथे जाळी दिसते. मग दोन्ही अंगठे शेजारी ठेवून बाहेरच्या बाजूला ताणायचं. 'चर्र' आवाज आला की ते वरच्या थराला चालणार नाही, आत चालेल. नऊवारी साडी कासोट्याच्या आणि बसायच्या भागात आधी विरते, सहावारी खालच्या काठाशी, टाचेला घासून. म्हणजे अख्खी साडी क्वचितच बाद होते, तिचा एखादा भाग बाद होतो. आम्ही असे भाग खडूने खुणा करून कापून बाजूला काढले.

या चाळणीतून सात नऊवारी आणि नऊ सहावारी सुती निघाल्या. चारही धोतरं उत्तम. इतक्या वर्षांच्या धुण्याने मऊ झालेलं पांढरं धोतर म्हणजे आतल्या थराला सोनं.

नणंदांच्या आठवणींचं काय? त्यावर वहिनींनीच तोडगा काढला, आणि तो मला फार आवडला. प्रत्येक साडीचा, जॉर्जेट-नायलॉनचासुद्धा, तळहाताएवढा चौकोन कापला आणि ते सगळे गोधडीच्या पायथ्याशी एका ओळीत जोडले. अंगाला लागत नाहीत, ऊब बिघडवत नाहीत, आणि गॅदरिंगची साडी कुठली ते बोटाने दाखवता येतं.

मापाचा हिशेब

माप पलंगावरून ठरवू नये, वॉशिंग मशीनवरून आणि दोरीवरून ठरवावं. ही माझी हट्टाची गोष्ट आहे. घरातलं मशीन साडेसहा किलोचं. सुती गोधडी पाण्यात भिजली की वजन दुपटीच्या वर जातं. चार किलोची ओली गोधडी वहिनींना बादलीतून एकट्याने उचलता आली नव्हती, गच्चीच्या दोरीवर टाकल्यावर दोरीच खाली आली होती. दीड किलोची गोधडी मशीनमध्ये मोकळी फिरते आणि एका माणसाला दोरीवर टाकता येते.

म्हणून माप पाच बाय सात फूट आणि थर पाच. एका थराला पस्तीस चौरस फूट, पाच थरांना पावणेदोनशे. नऊवारी सत्तावीस फूट लांब, पन्हा म्हणजे कापडाची रुंदी साधारण पावणेचार फूट, म्हणजे शंभरएक चौरस फूट. सहावारी अठरा फूट, म्हणजे सदुसष्टच्या आसपास. विरलेले भाग वगळून एका गोधडीला दोन नऊवारी किंवा तीन सहावारी पुरतात. एकतीस साड्यांची एक गोधडी ही कल्पनाच या आकड्यांपुढे टिकत नाही.

पन्हा पावणेचार आणि गोधडीची रुंदी पाच, म्हणजे प्रत्येक थरात दंड, म्हणजे दोन तुकड्यांचा सांधा, घालावा लागतोच. मावशींनी एक गोष्ट बारकाईने पाळली. एका थराचा दंड डावीकडे आला तर पुढच्याचा उजवीकडे. सगळे दंड एकावर एक आले तर तिथे काठी घातल्यासारखी रेघ उठते, आणि सुईही जात नाही.

शिवायच्या आधी सगळं कापड कोमट पाण्यात एक रात्र भिजवून धुतलं. रंग जातो का ते पाहायला ओल्या कापडावर पांढरा रुमाल दाबून धरला. एका इरकलीच्या लाल काठाने रुमाल गुलाबी केला. मीठ आणि व्हिनेगर घालून रंग 'पक्का' करायचा सल्ला सगळीकडे मिळतो; तयार कापडाचा कच्चा रंग त्याने पक्का होत नाही. तो काठ आम्ही काढून टाकला.

शिवण

थर अंगणात, सावलीत, सतरंजीवर पसरले. खाली जुनी छापील चादर, तिच्यावर धोतर, मग विरलेल्या लुगड्याचे दोन थर, वर धड असलेल्या नऊवारीचं अंग. चारी बाजूंना आणि मधे तांदळाने भरलेले डबे ठेवले म्हणजे थर सरकत नाहीत. मग लांब लांब कच्चे टाके.

मावशी कडेपासून सुरुवात करतात. एका कोपऱ्यातून निघून कडेकडेने चौफेर फिरत आत आत जायचं, शेवटचा टाका मध्यावर. कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यात राहणाऱ्या, आफ्रिकी वंशाच्या सिद्दी समाजातल्या बायका त्यांची 'कौंदी' अशाच फेऱ्यांनी शिवतात. मी वर्गात उलट शिकवते, मधून बाहेर, कारण कडेपासून शिवलं तर सैल कापड मध्यावर गोळा होण्याची भीती. मावशींच्या गोधडीत ते झालं नाही, आणि त्याचं कारण बसण्यात आहे. त्या गोधडीवरच मांडी घालून बसतात, डाव्या हाताचा तळवा सतत पुढच्या हातभर कापडावरून फिरत असतो. प्रत्येक फेरीला सैलपणा थोडा थोडा आत सारला जातो आणि वाटून जातो. चौकटीत ताणून शिवणाऱ्यांना हे जमणार नाही.

सुई मोठ्या डोळ्याची, पण दाभण नव्हे. दाभण पोत्याला, पातळ कापडाला त्याने भोकं पडतात. दोरा सुती, दुहेरी, हातभरच. लांब घेतला की गुंता. दोऱ्यावरून मेणबत्ती एकदा ओढायची. सुईवर एकावेळी तीन-चार टाके घेऊन मग ओढायचं. "सुई दोन बोटांनी पार व्हाया पायजे. तळव्यानं रेटावी लागली की समजायचं, थर लई झालं." पहिल्या गोधडीतले नऊ थर या एकाच कसोटीवर बाद झाले असते.

कडेला नवी पट्टी लावली नाही. नऊवारीचा काठ मुळात अंगापेक्षा दाट विणलेला असतो. तोच उसवून कडेला दुमडून तुरपाई केली. तोंडाकडच्या बाजूला तो दुहेरी घातला, कारण गोधडी आधी विरते ती तिथेच. रोज हाताने ओढली जाते, हनुवटीला घासते.

मजुरी

मावशींनी एका गोधडीचे पंधराशे मागितले. धाकट्या नणंदबाई फोनवर म्हणाल्या, "वहिनी, जुन्याच साड्यांचे एवढे? त्यात तर नवं ब्लँकेट येईल." येईल, हे खरंच आहे.

मी कागद घेऊन बसले. साठ इंच बाय चौऱ्याऐंशी इंच, ओळी एकेक इंचावर. म्हणजे पाच हजार चाळीस इंच शिवण, चारशे वीस फूट. इंचाला दोन टाके धरले तर दहा हजार टाके. दोरा दुहेरी, म्हणजे आठशे चाळीस फूट आणि वर गाठी-वळणांचा. एका तासात दहा-बारा फूट ओळ होते, तीही डोळे चांगले असताना. म्हणजे पस्तीस ते चाळीस तास. पंधराशेला भागलं तर तासाला चाळीस रुपये. दंड, कच्चे टाके, तुरपाई यात धरलेलीच नाही.

नणंदबाई यावर गप्प झाल्या. वहिनींनी अडीच हजार दिले आणि दोरा स्वतः आणून दिला. हेही भरपूर आहे असं मी म्हणणार नाही. गोधडी ही एकेकाळी गरिबीची खूण होती. गाडगेबाबांना लोक गोधडे महाराज म्हणत ते त्यांच्या अंगावरच्या चिंध्यांच्या पांघरुणावरून. आता तीच गोधडी शहरातल्या प्रदर्शनात दिव्याखाली टांगून काही हजारांना विकली जाते. मधल्या पैशातला शिवणारणीकडे किती पोचतो, हे प्रत्येक गिऱ्हाइकाने स्वतःपुरतं तरी विचारावं.

मावशी आणि त्यांची सून, दोघींनी शेतातली सुगी उरकल्यावर, घरचं सांभाळून, जवळजवळ तीन आठवड्यांत दोन्ही गोधड्या पुऱ्या केल्या. उरलेल्या मऊ तुकड्यांतून धाकट्या नणंदेच्या नातवासाठी दोन दुपटी झाली, तीन थरांची, बाळंतविड्यात द्यायला.

सिंथेटिकचं काय केलं

तेरा सहावारी आणि दोन नऊवारी उरल्या. त्यांना निरुपयोगी म्हणणं चुकीचं. पॉलिएस्टर पाणी पीत नाही, कुजत नाही, पटकन वाळतं, ओढलं तर लवकर फाटत नाही. पांघरुणात हे अवगुण. पिशवीत हेच गुण. महाराष्ट्रात २०१८ च्या जूनपासून प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी लागू झाली, तरी भाजीवाल्याकडे पातळ पिशवी मागणारे आपण आहोतच. एका सहावारीत चौदा बाय सोळा इंचांच्या डझनभर पिशव्या सहज होतात. मशीनवर हे कापड सरकतं, म्हणून खाली वर्तमानपत्राची पट्टी ठेवून टीप मारायची आणि मग कागद फाडून काढायचा. सुई नवी, बारीक, अकरा नंबरची. शिवण आधी सुलट बाजूने, मग उलटवून पुन्हा, म्हणजे धागे आत बंद होतात. पिशवी धरायचे बंद साडीच्या काठाचे, दुहेरी. जॉर्जेटच्या पिशव्या फ्रीजमधल्या कोथिंबिरीला चांगल्या.

तीन-तीन बोटं रुंद पट्ट्यांच्या वेण्या घालून, त्या गोल गुंडाळून पायपुसणीही केली. बाथरूमच्या दाराशी ती कामाची नाहीत, कारण पाणी टिपतच नाहीत. मुख्य दाराशी चिखल झाडायला ठीक. बाथरूमसाठी सुती चिंध्यांचं वेगळं केलं.

दोन जड जरीच्या सिंथेटिक साड्यांचं मात्र काहीच सुचलं नाही. जर टोचते, पिशवीला नको, पायपुसण्याला नको. त्या ओळखीच्या बोहारणीला दिल्या, बदल्यात स्टीलचं झाकणाचं पातेलं आलं. तिच्याकडून त्या पुढे कुणाच्या तरी अंगावर जातील. साडी साडी म्हणूनच नेसली जाणार असेल, तर ती कापायची गरजच काय?

वापरात आल्यावर

नवरात्रात घट बसायच्या आधी घरातली सगळी अंथरुणं-पांघरुणं धुवायची आपली रीत आहे, तीच या गोधड्यांची पहिली खरी परीक्षा ठरली. दोन्ही मशीनमध्ये बसल्या, ऑक्टोबरच्या उन्हात एका दिवसात आतपर्यंत वाळल्या. कोरडं वजन दीड किलोच्या थोडं वर. फुगवटे नाहीत. एका गोधडीत तीन ओळींचा दोरा तुटला होता. कापडाला धक्का नव्हता, वहिनींनी संध्याकाळी टीव्ही बघता बघता नवा घातला. दुसरीत पायथ्याच्या चौकोनांपैकी नायलॉनचा एक कडेने सुटला, कारण त्याचे धागे निसटतात. कड आत मुडपून पुन्हा बसवला.

साताऱ्याच्या डिसेंबरात एकटी गोधडी पुरली का? पहाटे नाही. त्यावर एक सोलापुरी चादर घ्यावी लागली. पण एकावर एक दोन हलकी पांघरुणं हीच चांगली सोय आहे. उकडलं की एक काढता येतं.

माळ्यावरच्या जुन्या गोधडीतली इरकल शिवणीच्या रेघांवरून इतकी फाटली होती की तिच्या पट्ट्याच निघाल्या. त्या दुपट्यांच्या कडेला गेल्या. मांजरपाट, आता चांगला आटलेला, पुढच्या गोधडीचं अस्तर म्हणून ठेवला आहे.

ती पुढची गोधडी थोरल्या नणंदबाईंना हवी आहे, डबल पलंगाची, एकसंध. मावशींनी टेप काढलीच नाही. "शिवीन की, पर धुणार कोण?" त्यांनी विचारलं. नणंदबाईंनी वहिनींकडे पाहिलं, वहिनींनी मशीनकडे. शेवटी दोन एकेरी ठरल्या. मजुरी प्रत्येकी अडीच हजार, दोरा नणंदबाईंचा.